मोठ्या जनावरासाठी रायफलची गोळी कशी निवडावी

मराठीत ‘गोळी’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या वस्तूंना लावतो आणि दारूगोळा निवडतानाच्या गोंधळाला पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते. डबीत मिळते ते काडतूस असते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी असे त्याचे चार भाग असतात. चाप ओढल्यावर दारू जळून जाते, पुंगळी आणि टोपी रायफलीतच राहतात आणि जनावरापर्यंत पोहोचते ती एकटी गोळी. असे असूनही रायफल, दुर्बीण आणि काडतुसाचे नाव यांवर महिनोन्‌महिने खल करणारी माणसे गोळीची निवड मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, डबीवरचे चित्र पाहून उरकतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी जनावर, मग अंतर, मग त्या अंतरावर उरणारा वेग, त्यानंतर गोळीची बांधणी आणि वजन, आणि सर्वांत शेवटी आपली रायफल, असा विचार करत गेले पाहिजे. पुढचे विवेचन जिथे शिकारीला कायद्याची परवानगी आहे आणि शिकाऱ्याजवळ रीतसर परवाना आहे, तिथपुरतेच आहे.

पहिली पायरी : नियम वाचा

हे काम कंटाळवाणे असले तरी त्याने निम्मे पर्याय आधीच गळून पडतात. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार रो जातीच्या लहान हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे, तर त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवरची ऊर्जा किमान २,००० ज्यूल असावी लागते. स्वीडनमध्ये मूस या प्रचंड हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी ९ ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २,७०० ज्यूल लागतात, पण गोळी १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर २,००० ज्यूल पुरतात. हलक्या गोळीवर जास्त ऊर्जेची अट घालणारा हा नियम जड गोळीच्या बाजूने झुकलेला आहे, हे इथेच लक्षात ठेवावे. आफ्रिकेतील अनेक देशांत रानरेडा, हत्ती अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही कॅलिबरची, म्हणजे इंचांत मोजलेल्या गोळीच्या व्यासाची, किमान मर्यादा मानली जाते.

शिशावरील बंदीही पाहावी लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित दारूगोळा सक्तीचा आहे. शिशाचे कण असलेली आतडी आणि मांस खाऊन तिथल्या काँडोर गिधाडांना विषबाधा होत होती, हे त्यामागचे मोठे कारण. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिसेयुक्त गोळ्यांवर शिकारीसाठी बंदी घातली आहे. अशा ठिकाणी तांब्याच्या गोळीशिवाय फारसा पर्याय उरत नाही आणि पुढचा सगळा विचार तिला धरूनच करावा लागतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे लष्करी पद्धतीची, पूर्ण कवचाची (शिशाचा गाभा टोकापर्यंत धातूने झाकलेली) गोळी स्वस्त मिळते म्हणून ती हरणांसाठी वापरू नये. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, आघाताने फुलणारी, म्हणजे टोक पसरून रुंद होणारी गोळी तयार झाली आणि १८९९ च्या हेग घोषणापत्राने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. त्यामुळे सैन्याची गोळी न फुलता आरपार जाण्यासाठीच बनवलेली असते. शिकारीत नेमके उलटे हवे असते, कारण न फुललेली गोळी अरुंद छिद्र पाडून निघून जाते आणि जनावर कोसांवर जाऊन तडफडत मरते. म्हणूनच अनेक देशांत हरणवर्गीय जनावरांसाठी फुलणारी गोळी कायद्यानेच आवश्यक केली आहे.

दुसरी पायरी : जनावराचे शरीर डोळ्यांसमोर आणा

गोळी जनावराला ‘धक्क्याने’ मारते ही समजूत जुनी आणि चिवट आहे. मेंदू किंवा कण्याला इजा झाली तर जनावर जागीच कोसळते हे खरे, पण सर्वसाधारण नेम छातीवर, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांवर असतो आणि तिथे मृत्यू येतो तो रक्तस्राव होऊन, रक्तदाब कोसळून. हृदयातून गोळी गेलेले हरीणसुद्धा पन्नास-शंभर मीटर धावू शकते. तेव्हा गोळीकडून दोन अपेक्षा असतात. छातीच्या पोकळीपर्यंत, शक्य तर पलीकडच्या कातडीतून बाहेर, तिने पोहोचावे, आणि वाटेत पुरेशी रुंद जखम करावी. बाहेर पडण्याचे छिद्र असेल तर रक्ताचा माग चांगला मिळतो आणि घायाळ जनावर सापडण्याची शक्यता वाढते.

अडचण अशी की या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जातात. गोळी जितकी जास्त फुलते, तितका तिला अडथळा जास्त होतो आणि ती कमी खोल जाते. लहान हरणाच्या छातीची रुंदी वीतभर असते, बरगड्या पातळ असतात आणि तिथे चटकन फुलणारी गोळी उत्तम काम करते. तीच गोळी चारशे-पाचशे किलोच्या मूसच्या खांद्यावर आदळली तर हाडातच तिचे तुकडे होऊ शकतात. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर चिवट कूर्चेसारख्या ऊतीची जाड ढाल असते, तीही हिशेबात धरावी लागते.

जनावर कायम आडवे उभे राहून वाट पाहत नाही, हेही विसरू नये. ते तिरके उभे असेल तर गोळीला पोट, बरगड्या आणि पलीकडचा खांदा एवढा सगळा प्रवास करावा लागतो. मी स्वतःला नेहमी असे विचारतो की, मला मान्य असलेला सर्वांत वाईट कोन कोणता, आणि त्या कोनातून ही गोळी छातीच्या मध्यापर्यंत पोहोचेल का? केवळ आडव्या उभ्या जनावरावरच चाप ओढायचा असा ज्याचा निश्चय आहे, त्याला गोळीचे पर्याय बरेच मोकळे राहतात.

तिसरी पायरी : आघातवेग काढा

गोळी किती फुलेल हे ती जनावरावर आदळतानाच्या वेगावर ठरते, नळीच्या मुखाशी असलेल्या वेगावर नाही. डबीवर छापलेला असतो तो मुखवेग. प्रत्येक फुलणाऱ्या गोळीला आघातवेगाची एक खालची आणि एक वरची मर्यादा असते. खालच्या मर्यादेखाली ती फुलत नाही, वरच्या मर्यादेपलीकडे तिच्या ठिकऱ्या होतात. शिशाच्या गाभ्याच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी खालची मर्यादा साधारणपणे सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास मानली जाते. तांब्याच्या अखंड गोळ्यांसाठी ती सहसा थोडी वर, ६०० मीटरच्या जवळपास असते. नेमका आकडा उत्पादक देतो आणि तोच प्रमाण मानावा.

एक उदाहरण घेऊ. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ सालचे काडतूस १८० ग्रेनची (सुमारे ११.७ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर मुखवेगाने सोडते. चांगल्या निमुळत्या आकाराच्या गोळीचा वेग ३०० मीटरवर घटून साधारण ६३० मीटरवर येतो. म्हणजे तांब्याची काही कठीण गोळी इथे आपल्या मर्यादेच्या काठावर येऊन उभी राहते, तर मऊ शिशाच्या गोळीला अजून थोडी मोकळीक असते. आता त्याच व्यासाचे .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचे वेगवान काडतूस, घ्या. त्याचा मुखवेग सुमारे ९०० मीटर असतो आणि ५० मीटरवर गोळी जवळजवळ त्याच वेगाने आदळते. इथे मऊ, पातळ कवचाची गोळी घेतली तर ती बरगडीवरच फुटून उथळ, भयंकर दिसणारी पण प्राणघातक नसलेली जखम करू शकते.

वेगवान काडतूस आणि जवळचे अंतर या जोडीने जितकी जनावरे घायाळ होऊन निसटतात, तितकी गोळी न फुलल्याने निसटत नाहीत असे माझे मत आहे. शिकारी मॅग्नम घेतो ते लांबच्या पल्ल्यासाठी, पण प्रत्यक्षात जनावर झुडपातून चाळीस पावलांवर निघते. म्हणून आपण ज्या कमाल अंतरावर खात्रीने नेम धरू शकतो ते अंतर आणि दाट रानातले किमान अंतर, अशी दोन्ही टोके कागदावर लिहावीत आणि बॅलिस्टिक तक्त्यावरून, म्हणजे अंतरानुसार गोळीचा वेग देणाऱ्या तक्त्यावरून, दोन्हींचे आघातवेग काढावेत. निवडलेली गोळी दोन्ही टोकांना चालली पाहिजे. ती एकाच टोकाला चालत असेल तर मी जवळच्या टोकाला सांभाळीन आणि लांबची गोळी झाडायचीच नाही असे ठरवीन.

झुडपांचा विषय निघालाच आहे तर, जड आणि बोथट गोळी फांद्या ‘कापत’ सरळ जाते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. फांदीला लागली की कोणतीही गोळी वळते. मोकळी फट नसेल तर गोळी झाडू नये, एवढेच याचे उत्तर आहे.

चौथी पायरी : बांधणी निवडा

सर्वांत जुनी आणि स्वस्त बांधणी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात ओतलेला किंवा दाबून बसवलेला शिशाचा गाभा. टोकाशी शिसे उघडे असते, किंवा तिथे प्लास्टिकचे अणकुचीदार टोक बसवलेले असते. हे टोक आघातानंतर मागे दाबले जाऊन गोळी उघडते. अशी गोळी मध्यम हरणांसाठी, मध्यम वेगाला अगदी पुरेशी असते आणि तिच्याबद्दल तुच्छतेने बोलण्याचे काही कारण नाही. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून याच कामासाठी विकली जात आहे. हिची कमजोरी एवढीच की वेग जास्त झाला किंवा मोठे हाड आडवे आले तर गाभा कवचातून निसटतो, आणि मग दोन्ही तुकडे हलके होऊन लवकर थांबतात.

या कमजोरीवरचा पहिला नामांकित तोडगा १९४६ सालच्या एका फसलेल्या शिकारीतून निघाला. जॉन नॉस्लर हे ब्रिटिश कोलंबियात .३०० एच अँड एच मॅग्नम काडतुसाची रायफल घेऊन मूसच्या मागावर होते. चिखलाने माखलेल्या एका नरावर त्यांनी झाडलेल्या गोळ्या आत खोल न जाता बाहेरच फुटल्या. घरी परतून त्यांनी जी गोळी घडवली तिच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत होती. भिंतीपुढचे शिसे फुलते, प्रसंगी झडूनही जाते, पण भिंतीमागचा भाग अखंड राहून पुढे घुसत जातो. ही पार्टिशन गोळी १९४८ पासून विक्रीला आली आणि आजही मिळते. कमी वेगाला फुलणे आणि जास्त वेगाला टिकणे हे दोन्ही जमवणारी म्हणून मोठ्या हरणांसाठी मी आजही तिचा विचार आधी करतो. दिसायला ती जुनाट आहे आणि कागदावरचे तिचे गट, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके, नव्या गोळ्यांइतके घट्ट येत नाहीत, हे मान्य आहे.

दुसरा तोडगा बॉण्डेड गोळीचा. यात गाभा कवचाला डाखासारखा कायमचा जोडलेला असतो, त्यामुळे फुलल्यावरही शिसे सुटत नाही. नॉस्लरची अक्युबॉण्ड, नॉर्माची ओरिक्स ही यातली परिचित नावे, तर स्विफ्ट ए-फ्रेममध्ये भिंत आणि जोड दोन्ही आहेत. साधी गोळी मोठ्या जनावरात शिरल्यावर कधी निम्मेच वजन राखते, तिथे चांगली बॉण्डेड गोळी बहुतांश वजन टिकवून ठेवते.

तिसरा मार्ग अखंड तांब्याच्या गोळीचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बार्न्सच्या एक्स गोळीने तो रूढ केला. हिच्या टोकाशी पोकळी असते, आघाताने ती पोकळी उघडून सहसा चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकते. खोल जाण्यात ही गोळी सहसा इतरांना मागे टाकते आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत, म्हणून घरी मांस खाणाऱ्यांनी बंदी नसतानाही हिचा विचार करावा. हिची जखम मात्र तुलनेने अरुंद असते आणि कमी वेगाला हिचे टोक उघडेलच असे नाही. म्हणून हिच्यासाठी वेग राखणे महत्त्वाचे, आणि वेग राखण्याचा सोपा उपाय म्हणजे थोडी हलकी गोळी घेणे. जिथे शिशाची १८० ग्रेनची गोळी घेतली असती, तिथे तांब्याची १६५ किंवा १५० ग्रेनचीही चालते.

स्पर्धेतल्या नेमबाजीच्या गोळ्यांनाही टोकाशी बारीक छिद्र असते आणि ते पाहून अनेकांची फसगत होते. ते छिद्र बनवण्याच्या पद्धतीतून आलेले असते, ते फुलण्यासाठी ठेवलेले नसते. अशी गोळी एका जनावरात सुईसारखी आरपार जाते आणि दुसऱ्यात भुगा होते. मोठ्या जनावरासाठी ती घेऊ नये.

पाचवी पायरी : वजन ठरवा

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम. नुसत्या वजनापेक्षा व्यासाच्या मानाने वजन किती, हे जास्त बोलके असते. ते काढण्यासाठी पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला छेदघनता म्हणता येईल. .३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेनच्या गोळीची छेदघनता ०.२२६ येते, १८० ग्रेनची ०.२७१, तर ६.५ मिलिमीटरच्या १४० ग्रेनच्या गोळीची ०.२८७. स्वीडनमध्ये ६.५ मिलिमीटरच्या सडपातळ काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस का मारता आले, याचे बरेचसे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने ७ मिलिमीटरच्या रायफलीने, १७३ ग्रेनच्या पूर्ण कवचाच्या गोळ्यांनी शेकडो हत्ती मारले. त्या गोळीची छेदघनता ०.३०६ भरते आणि हत्तीसाठी आज मान्य असलेल्या .३७५ एच अँड एच मॅग्नमच्या ३०० ग्रेनच्या गोळीची ०.३०५. खोल शिरण्याच्या बाबतीत दोन्ही शेजारीशेजारी बसतात. मात्र बेलचे अनुकरण करू नये. त्याला हत्तीच्या कवटीची रचना कोणत्याही बाजूने पाहिली तरी तोंडपाठ होती, आणि नेम चुकल्यावर हाताशी असणारा जड रायफलीचा आधार त्याच्या हलक्या रायफलीत नव्हता.

ढोबळ मानाने शिशाच्या गोळीसाठी मध्यम हरणांना ०.२० ते ०.२५, एल्क आणि मूस या मोठ्या हरणांना ०.२५ च्या वर, आणि रानरेड्याला ०.३० च्या आसपास छेदघनता धरावी. बॉण्डेड आणि तांब्याच्या गोळ्यांना यात थोडी सूट देता येते, कारण फुलल्यावरही त्यांचे वजन टिकते. छेदघनता ही आदळण्याआधीची असते, हे अनेकजण विसरतात. वजन वाढवले की रायफलीचा खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. ज्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटतात, ती गोळी तक्त्यात कितीही सरस असली तरी आपल्यासाठी जड आहे.

धोकादायक, जाड कातडीच्या जनावरांसाठी सॉलिड, म्हणजे अजिबात न फुलणारी गोळी वेगळी ठेवतात. हल्ली ती पितळ किंवा तांब्याच्या मिश्रधातूची एकसंध असते आणि गोल टोकापेक्षा चपट्या टोकाची गोळी आत जास्त सरळ जाते. रानरेड्यासाठी पहिली गोळी दमदार फुलणारी आणि मागच्या सॉलिड, अशी मांडणी पुष्कळ जण करतात. कळपात मात्र सॉलिड वापरताना पलीकडे काय उभे आहे ते पाहिलेच पाहिजे, कारण ती एका जनावरातून निघून दुसऱ्यात शिरते.

सहावी पायरी : आपल्या रायफलीला विचारा

नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस वापरायचे, याला अपवाद नाही. त्यानंतर नळीच्या आतल्या खाचांचा पीळ पाहावा. गोळी जितकी लांब, तितका जलद पीळ तिला स्थिर ठेवायला लागतो. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम आणि तांब्याची ८.९ ग्रॅम असल्यामुळे, त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. .३०८ विंचेस्टरच्या काही रायफलींचा पीळ १२ इंचांत एक फेरा असा मंद असतो. अशा नळीतून तांब्याची जड गोळी डगमगण्याची शक्यता असते, म्हणून तिथे हलके वजन घ्यावे. नळीखाली लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ठेवणाऱ्या लिव्हर रायफलीत अणकुचीदार कठीण टोकाची गोळी कधीही भरू नये. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने ते पेटू शकते. त्यासाठी चपट्या किंवा लवचीक टोकाच्या गोळ्या मिळतात.

निवडलेल्या दोन किंवा तीन प्रकारांची एकेक डबी घ्यावी. शिशावरून तांब्याकडे जाताना नळी नीट साफ करावी, नाहीतर पहिले गट विनाकारण विस्कटतात. १०० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे गट, नळी मध्ये थंड होऊ देऊन, झाडावेत. सहा सेंटिमीटरच्या आत येणारा गट शिकारीला पुरेसा आहे, कारण हरणाच्या छातीतला प्राणघातक भाग साधारण वीस सेंटिमीटरचा असतो. एक सेंटिमीटर घट्ट गटासाठी कमकुवत बांधणीची गोळी निवडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. प्रकार बदलला की नेम पुन्हा जुळवावा लागतो. त्याच वजनाची दुसऱ्या बांधणीची गोळीही चार-पाच सेंटिमीटर बाजूला पडू शकते.

बांधणीची घरगुती परीक्षा करायची तर रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे घट्ट बांधलेले गठ्ठे एकामागे एक ठेवून, सुरक्षित पार्श्वभूमी असलेल्या मैदानावर आधी २५ मीटरवरून आणि मग आपल्या कमाल अंतरावरून गोळी झाडावी. ओला कागद म्हणजे मांस नव्हे आणि त्यातल्या खोलीचा आकडा जनावराला लावता येत नाही, पण दोन गोळ्यांची आपसात तुलना त्यातून चांगली होते. गठ्ठे सोडवताना सुरुवातीची काही पाने नुसती भोक पडलेली दिसतात, मग एकदम मुठीएवढा लगदा लागतो आणि पुढे ते भोक पुन्हा बोटाएवढे होत जाते. तो लगदा जिथे सुरू होतो तिथे गोळी फुलली. जवळून झाडलेली गोळी पहिल्याच गठ्ठ्यात लगदा करून कवचाच्या चिंध्या मागे टाकत असेल तर ती मोठ्या जनावरासाठी बाद करावी.

जनावरात गोळी सापडली तर ती फेकू नये. धुऊन, वाळवून, बारीक वजनकाट्यावर मोजावी. टोक कुत्र्याच्या छत्रीसारखे सर्व बाजूंनी वळले आहे का, एकच बाजू चेपली आहे का, तळाशी शिसे उरले आहे का, हे पाहावे. डबीच्या झाकणात ती ठेवून सोबत चिठ्ठीवर अंतर, जनावराचा उभा राहण्याचा कोन, लागलेले हाड, उरलेले वजन आणि जनावर किती मीटर धावले हे लिहावे.